अप्पांची दोन ऑपरेशनं

माझे सासरे बायकांचे ब्लाऊज शिवायचे. सोलापुरात आमच्या पेठेत घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. दारावर पाटी नव्हती. बायकांना ठिकाण ठाऊक होतं आणि पुरुषांचं तिथं काही काम नव्हतं. मूळ घराणं वळसंगचं, लिंगायत शिंप्यांचं. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. मी लग्न होऊन आले तेव्हा बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता आणि सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली होती. घरात आम्ही तिघंच. सासरे, ज्यांना सगळी पेठ अप्पा म्हणायची. एस.टी.त कंडक्टर असलेले माझे मिस्टर. आणि मी.

मिस्टरांची ड्यूटी कधी अक्कलकोट, कधी विजापूर. त्यामुळे दिवसभर घरात सासरा आणि सून. मी डोक्यावर पदर घेऊन आत, ते पुढे मशीनवर. मधल्या दारातून हुक लावायला ब्लाऊज आत यायचे आणि लावून झाले की बाहेर जायचे. पहिलं वर्षभर आमच्यात एवढंच बोलणं म्हणा की व्यवहार म्हणा.

अप्पांनी कधी कुठल्या बाईच्या अंगाला टेप लावली नाही. "मापाचा ब्लाऊज आन," एवढंच सांगायचे. जिच्याकडे मापाचा नसेल तिला आत माझ्याकडे पाठवायचे. मी माप घेऊन आतूनच आकडे सांगायची, ते खडूनं पाटीवर लिहायचे. विणकरांच्या तेलुगू बायका, गिरणीतल्या बायका, मोहल्ल्यातल्या मुसलमान बायका, सगळ्या त्यांच्याकडे येत. त्यांचा धंदा चाळीस वर्षांचा, पण एकीनंही त्यांच्याविषयी वाकडं बोललेलं मी ऐकलं नाही.

त्यांना काहीतरी होतंय हे मला भिंतीतून कळलं. मोरी स्वयंपाकघराला लागून होती. अप्पा मोरीत गेले की बराच वेळ काहीच आवाज यायचा नाही, मग कण्हल्यासारखं काहीतरी, मग थेंब थेंब. दहा मिनिटांत पुन्हा जायचे. सुनेनं सासऱ्याला हे विचारायचं कसं? मिस्टरांना म्हटलं, तर ते म्हणाले, "वय झालं त्यांचं." एकदा अप्पा सांगून गेले की मिरजेला पाहुण्यांकडे कार्य आहे. तिसऱ्या दिवशी परत आले. कार्यातून येणारा माणूस पिशवीत काहीतरी गोडधोड आणतो. त्यांनी काही आणलं नव्हतं, आणि मी विचारलंही नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मला आणखी एक गोष्ट दिसली. सोलापूरचा मे महिना. दुपारी पेठेतले सगळे पुरुष उघडे बसायचे, अप्पाही एरवी बंडीच्या गाठी सोडून बसायचे. त्या वर्षी मात्र अंगात सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. धुण्यात त्यांच्या बंड्या आल्या त्या नव्या होत्या, ढगळ, आणि छातीशी आतून मऊ मलमलीचा दुहेरी पदर लावलेला. शिंप्याचं घर, असेल काहीतरी, असं म्हणून मी त्या पिळून वाळत घातल्या.

एका दुपारी मशीन थांबलं आणि त्यांनी मला पुढे बोलावलं. तोवर मी कधी दुकानाच्या खोलीत त्यांच्यासमोर बसले नव्हते.

"पोरी, तू म्याट्रिक हायेस की?"

"व्हय, अप्पा."

"विंग्रजी वाचता येतं?"

"थोडंफार."

त्यांनी हुकांच्या डब्यातून एक घडी घातलेला कागद काढला. त्या डब्यात हुकांच्या पुड्यांखाली गोळ्यांची बाटली मला दिसली. "हे वाच. सगळं वाच आणि कळंल तेवढं सांग. लाजू नगंस."

मिरजेच्या डॉक्टरांची टाईप केलेली चिठ्ठी होती, पुढं दाखवाल त्या डॉक्टरांसाठी. मला निम्मे शब्द लागत नव्हते. पण एक शब्द लागला आणि मी थांबले.

"क्यान्सर लिव्हलंय, न्हवं?" अप्पा म्हणाले. "ते त्यांनी मला तोंडानं सांगितलंय. पुढचं वाच."

पुढे प्रोस्टेट ग्रंथीचं नाव होतं, हार्मोनच्या गोळ्या दिवसातून तीनदा असं होतं, तीन महिन्यांनी परत या असं होतं. मी ते मोडकंतोडकं सांगितलं. अप्पांनी मान डोलावली. त्यांना बहुतेक माहीत होतं. चिठ्ठीत आणखी काही वाईट लिहिलेलं नाही ना, एवढंच बघायचं होतं.

मग ते स्वतःहून बोलले. कापड धुतल्यावर किती आटतं हे गिऱ्हाइकाला सांगावं तशा आवाजात. "हा रोग पुरुषाच्या अंगातल्या रसावर पोसतो म्हनं. म्हनून बाईच्या अंगात जो रस असतो त्याच्या गोळ्या देत्यात. त्यानं रोग दबतो, लघवी मोकळी व्हती. पर छाती येती. मला आलीया."

मी जमिनीकडे बघत होते.

"दुखती लई. सदरा घासला तरी दुखती," ते म्हणाले. मग म्हणाले, "चाळीस वर्सं ब्लाऊज शिवतोय. टाका कुटं टोचतो ते आत्ता कळलं मला."

मला वाटलं ते रडतील. ते रडले नाहीत. मशीनवरचा ब्लाऊज उलटा करून त्यांनी मला दाखवला. छातीवरच्या टक्सचं टोक त्यांनी नेहमीपेक्षा खाली घेतलं होतं, आतली शिवण कडेला दाबून सपाट केली होती, आणि अंगावर पाजणाऱ्या बाईचा ब्लाऊज म्हणून पुढे मलमलीचं अस्तर लावलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. त्या महिन्यात दोघी-तिघी बायका मला आत येऊन म्हणाल्या की अप्पांचा हात आता जास्तच बसलाय, ह्या वेळचा ब्लाऊज घातलाय हे कळतच नाही. मी अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "कापडच चांगलं हुतं."

आपल्या पुरुषपणावर घाला आला म्हणून माणसं काय काय करतात, ते मी पुढे आयुष्यात पाहिलं. कुणी बायकोवर चिडतं, कुणी दारूला लागतं. ह्या माणसानं आपल्या दुखण्यातून गिऱ्हाइकाचं सुख काढलं. तेव्हा मी एकवीस वर्षांची होते, मला हे असं मांडता आलं नसतं. पण त्या दिवसापासून मी त्यांच्यासमोर वावरताना मनात जे होतं, त्यात भीती राहिली नाही.

जाताना ते म्हणाले, "कुनाला सांगू नगंस. त्याला बी न्हाई." त्याला म्हणजे माझ्या मिस्टरांना. मी शब्द दिला. तो द्यायला नको होता, हे पुढे कळलं.

काही महिने बरे गेले. लघवी मोकळी झाली. मग अप्पांचे पाय सुजायला लागले. संध्याकाळी चप्पल निघायची नाही, बोट दाबलं की खळगा पडायचा. ते पेठेतल्या डॉक्टरांकडे गेले आणि पाय दाखवले, पण हार्मोनच्या गोळ्यांचं बोलले नाहीत. डॉक्टरांनी अंगातलं पाणी काढायच्या गोळ्या दिल्या. आता हुकांच्या डब्यात दोन बाटल्या झाल्या. सूज उतरली, पण अप्पांच्या तोंडाला कोरड पडायला लागली, उठताना चक्कर यायची. दोन्ही बाटल्यांचं ठाऊक असलेली घरात मी एकटीच होते आणि मला त्यातलं काही समजत नव्हतं.

शिवाय त्यांना अंतर्गळ होता. इतकी वर्षं लघवीला कुंथून कुंथून जांघेत गाठ उतरायची, ते हातानं वर ढकलायचे. पंच्याहत्तरच्या एप्रिलमध्ये एक दिवस ती गाठ वर गेली नाही. सकाळपासून उलट्या होत होत्या आणि ते मला 'पित्त झालंय' म्हणून सांगत होते. दुपारी मी पाणी द्यायला गेले तर ते कापडांच्या ढिगाऱ्यावर आडवे झाले होते, ओठ पांढरे पडले होते. "टांगा बोलीव," ते म्हणाले.

मिस्टर विजापूरच्या गाडीवर होते. शेजाऱ्यांना स्टँडवर निरोप द्यायला सांगून मी अप्पांना टांग्यात घातलं आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. पदर केव्हाच खाली आला होता. पेठेतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. पदर सावरावा असं माझ्या ध्यानातही आलं नाही.

मोठ्या दवाखान्यात सर्जननी पोटाला हात लावला आणि लगेच ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. आतडं अडकलंय, काळं पडण्याआधी सोडवलं पाहिजे. मग विचारलं, "औषधं काय चालू आहेत?"

अप्पांनी मान हलवली. काही नाही.

सर्जननी माझ्याकडे पाहिलं. मी शब्द दिला होता. मी गप्प राहिले.

आत नेताना सिस्टर म्हणाल्या की गळ्यातलं काढा. अप्पांच्या गळ्यात इष्टलिंग होतं, दीक्षा झाल्यापासून ते अंगावेगळं झालं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा घाबरलेलं काहीतरी दिसलं. सिस्टर नगरकडच्या ख्रिस्ती होत्या, चाळिशीच्या, घाईत असलेल्या. त्यांनी क्षणभर पाहिलं, आणि लिंग फडक्यात गुंडाळून बँडेजच्या पट्टीनं अप्पांच्या उजव्या मनगटाला बांधून टाकलं. "आता आहे ना अंगावर? चला." त्या बाईंविषयी मला तिथंच माया वाटली.

ऑपरेशन चांगलं झालं. आतडं वाचलं. मिस्टर संध्याकाळी धावत आले तोवर अप्पा वॉर्डात परत आले होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जन आले, खाटेखाली लटकवलेली लघवीची बाटली उचलून उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा बदलला. तळाला चहाच्या रंगाचं जेमतेम फुलपात्रभर पाणी होतं.

"रात्रीपासून एवढीच?"

"एवढीच," सिस्टर म्हणाल्या.

सर्जन माझ्या मिस्टरांकडे वळले. "वडील काही गोळ्या घेत होते का? मी त्यांची छाती पाहिली आहे. लपवू नका."

"न्हाई हो साहेब, काहीच न्हाई," मिस्टर म्हणाले. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. छाती म्हणजे काय, हेही त्यांना कळलं नाही.

मी पदर डोक्यावर घेतला आणि बोलले. कॅन्सर, मिरज, हार्मोनच्या गोळ्या दिवसातून तीन, पाय सुजले म्हणून पाण्याच्या गोळ्या, सगळं. नवऱ्यासमोर, परक्या पुरुषांसमोर, आणि अप्पा जागे होते त्यांच्यासमोर. एकही गोष्ट राहू दिली नाही. अप्पांनी डोळे मिटून घेतले.

सर्जन रागावले नाहीत. व्हरांड्यात घेऊन त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. मूत्रपिंडांना धक्का बसला होता. वर्षानुवर्षं लघवी तुंबून ती आधीच थकलेली. हार्मोनच्या गोळ्यांनी अंगात पाणी साठलं, दुसऱ्या गोळ्यांनी ते नको इतकं ओढून काढलं, वर दिवसभर उलट्या, आणि ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब पडला.

मी विचारलं, "मी काल सांगितलं असतं तर?"

"सलाईन वेगळ्या हिशेबानं लावलं असतं. कदाचित फरक पडला असता, कदाचित नसता. ते आता कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही आज सांगितलंत, त्यानं मला काम करता येईल."

मूत्रपिंडं मेलेली नसतील, झोपली असतील, असं ते म्हणाले. आठ-दहा दिवसांत जागी होतात. तोवर अंगात पाणी साठू द्यायचं नाही. आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढं आणि वर दोन पेले, याच्या पलीकडे चोवीस तासांत थेंब नाही. मीठ नाही, डाळ नाही, फळं नाहीत, शहाळं तर अजिबात नाही. त्यातल्या क्षारानं हृदय बंद पडू शकतं. जागी झाली नाहीत तर पुण्या-मुंबईला न्यावं लागेल.

मिस्टर माझ्याशी दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "तुला सांगितलं त्यांनी. मला न्हाई."



वॉर्डात चाळीस पेशंट आणि सिस्टर दोन. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी बाटली माझ्या हातात दिली. "शिकलेली आहेस ना? रेघ डोळ्यांच्या समोर धरून वाचायची, खालून नाही की वरून नाही. किती सी.सी. ते ह्या तक्त्यावर लिहायचं. पाणी दिलंस की तेही लिहायचं. हे आता तुझं काम."

सासऱ्याची लघवी मोजणारी सून आमच्या घराण्यात त्याआधी झाली नसेल. मी बाटली उचलली तेव्हा अप्पांनी भिंतीकडे तोंड केलं. मीही त्यांच्याकडे न बघता आकडा लिहिला, बाटली धुतली, परत लावली. तो सगळा दिवस आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड ठेवूनच त्यांनी विचारलं, "किती?"

"दीडशे."

"काल किती हुती?"

"एकशे वीस."

"म्हंजे वाढली की."

"तीसनं वाढली."

"तीस तर तीस," ते म्हणाले, आणि तोंड माझ्याकडे वळवलं.

सोलापूरचा एप्रिल, पत्र्याचं छत, आणि माणसाला दिवसाला जेमतेम तीन पेले पाणी. त्यांची जीभ लाकडासारखी झाली होती, ओठांना चिरा पडल्या होत्या. शेजारच्या खाटेवरचा पेशंट तांब्यानं घटाघटा प्यायचा, अप्पा नजर दुसरीकडे करायचे. त्यांनी एकदाही जास्त मागितलं नाही. सकाळी मी दिवसाचं पाणी मोजून तांब्यात ओतायची, आणि त्याचे वाटे ते स्वतः ठरवायचे: गोळ्यांना इतकं, दुपारच्या साखरभाताबरोबर इतकं, चार वाजता उन्हाच्या काहिलीला इतकं. त्यातलेच दोन चमचे ते बाजूला काढायचे. सकाळी डाव्या तळहातावर लिंग घेऊन त्यावर ते पाणी सोडायचे, आणि तेच तीर्थ म्हणून घ्यायचे. पूजेचं पाणी वेगळं मागितलं असतं तर कोण नाही म्हणालं असतं? मी म्हटलंही. "आंगात गेलं म्हंजे पानीच की ते," ते म्हणाले. "लिहून ठेव."

पाचव्या दिवशी वळसंगहून त्यांची थोरली बहीण आली. पिशवीत चार शहाळी, एक सोलून कोयत्याचा घाव घातलेलं. भावाचे ओठ बघून आत्याबाईंना हुंदका आला.

"यव्वा! कसं वाळवलंय ह्येला! ऊठ रं, शहाळं पी."

"आत्याबाई, द्यायचं न्हाई," मी मध्ये हात घातला. "डॉक्टरांनी मना केलंय."

"शहाळं मना? शहाळ्यानं कवा कोन मेलंय का? लघवी व्हत न्हाई म्हनता आन् पानी देत न्हाई, आगं मग व्हनार कुटनं? सरक बाजूला."

वॉर्डातल्या बायका आत्याबाईंच्या बाजूच्या होत्या. 'सुनेला काय कळतंय' असं कुणीतरी म्हणालंही. मिस्टर खाटेच्या पायथ्याशी उभे होते, कुणाची बाजू घ्यावी ते त्यांना सुचत नव्हतं. मी शहाळ्यावर हात ठेवून तशीच उभी राहिले, पण डोळ्यांत पाणी आलं.

"अक्का," अप्पा म्हणाले. आवाज खरखरीत, घशातून ओढून काढल्यासारखा. "तिचं ऐक. हितं ती म्हनंल तेच. तिनं न्हाई म्हटलं म्हंजे न्हाई."

आत्याबाई खाली बसल्या. पिशवी खाटेखाली सरकवली आणि भावाचे पाय चेपत राहिल्या. मला त्या दिवशी काय मिळालं ते सांगता येत नाही. घरात आल्यापासून माझ्या शब्दाला एवढं वजन कुणी दिलं नव्हतं, आणि ते देणारा माणूस तहानेनं व्याकूळ होता, समोर शहाळं होतं.

सातव्या दिवशी आकडा खाली आला. आठव्या दिवशी त्यांना ग्लानी आली, सर्जन मुंबईचं बोलायला लागले, मिस्टरांनी रजा वाढवली. नवव्या दिवशी सकाळी मी बाटली उचलली तर ती जड लागली. रेघ डोळ्यांसमोर धरली. पुन्हा धरली. सिस्टरना हाक मारली. त्यांनी बाटली बघितली, तक्ता बघितला आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आजोबा, जागी झाली हो तुमची मूत्रपिंडं!" नऊशे सी.सी. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुपटीहून जास्त. मग सगळं उलटंच झालं. आता पाणी कमी पडू द्यायचं नाही, पाजत राहा, असा हुकूम आला. अप्पा पहिला तांब्या प्यायले तो इतका सावकाश की बघणाऱ्याला वाटावं त्यांना तहान नाहीच.

घरी सोडताना सर्जननी त्यांना समोर बसवलं. हार्मोनच्या गोळ्या कमी कराव्या लागतील, पायांवर सूज आणतात, रक्ताच्या गाठी करतात, हृदयालाही धोका. दुसरा उपाय म्हणजे पुरुषाचा रस जिथं तयार होतो ती दोन्ही वृषणं लहानशा ऑपरेशननं काढून टाकायची. मग तोंडानं घ्यायच्या गोळ्यांची गरज नाही. मिरजेला हे आधीच सुचवलं होतं, असं तेव्हा निघालं. अप्पांनी नको म्हटलं होतं. आता नको म्हणायला वेगळं कारण होतं. पुन्हा ऑपरेशन, आणि पुन्हा मूत्रपिंडं झोपली तर?

ते पाच-सहा महिने विचार करत राहिले. गोळी दिवसाला एकावर आणली होती, तरी पाय भरायचे. मग दिवाळीनंतरच्या एका रविवारी जेवताना त्यांनी मला वाढायचं थांबवून समोर बसायला सांगितलं.

"मी ते आप्रेशन करून घेनार हाय," ते म्हणाले. आणि मुलासमोर, सुनेसमोर, कशाचं ऑपरेशन ते साध्या शब्दांत सांगितलं.

मिस्टर ताटाकडे बघत होते. "अप्पा, लोकं काय म्हंतील?"

"लोकास्नी काय दिसनार हाय? धोतर नेसूनच हिंडनार की मी."

 मग मिस्टरांनी इतके दिवस आत ठेवलेलं विचारलं. "मला आधी का न्हाई सांगितलं?"

अप्पा भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते. "तू ल्योक हायेस. तू बाप म्हनून बघत हुतास माझ्याकडं. ते मोडायचं जिवावर आलं रं." मग म्हणाले, "चुकलं माझं. तिच्यावर सगळं वझं टाकलं, आन् जीव जायची पाळी आली."

सासऱ्यानं सुनेसमोर चूक कबूल करावी हे मी ना माहेरी पाहिलं होतं ना सासरी. मिस्टरांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मी रजा काढतो."

ह्या वेळी अप्पांनी तयारी स्वतः केली. माझ्याकडून एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं: कुठल्या गोळ्या, कधीपासून, किती, मागच्या वेळी लघवी किती दिवस बंद होती, पाण्याच्या गोळ्या घेतल्या होत्या, त्या आता बंद आहेत. तो कागद त्यांनी सर्जनना दाखवला, मग भूल देणाऱ्या डॉक्टरांना, मग सिस्टरना, मग जखमेची पट्टी बदलणाऱ्या वॉर्डबॉयलासुद्धा. "ह्ये वाचल्याबिगर सुई लावायची न्हाई," प्रत्येकाला सांगायचे. आदल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं तेवढं पाणी घड्याळ बघून प्यायले.

शहात्तरचा जानेवारी होता. कंबरेखाली भूल देऊन अर्ध्या तासात काम झालं. बाटली लावली, आणि आम्ही दोघं व्हरांड्यात बसून राहिलो. दर थोड्या वेळानं मिस्टर आत जाऊन बघून यायचे, बाटली डोळ्यांसमोर कशी धरायची हे मी त्यांना शिकवलं होतं. दुपारी ते बाहेर आले आणि म्हणाले, "साडेतीनशे. पांढरी स्वच्छ." मी भिंतीला टेकले. त्या क्षणापर्यंत आपण किती ताठ बसलो होतो ते मला कळलं नव्हतं.

मूत्रपिंडांना काही झालं नाही. तोंडानं घ्यायच्या गोळ्या सुटल्या, पाय उतरले. छातीचं दुखणं गेलं, छाती मात्र पुरती गेली नाही. ते दिवस आणीबाणीचे, नसबंदीचे होते. गावोगाव माणसांना धरून नेणार म्हणून लोक भेदरलेले. अप्पांचं खालचं ऑपरेशन झालं एवढंच पेठेला कळलं आणि आवई उठली. आत्याबाई वळसंगहून संतापून आल्या. "सरकारनं म्हाताऱ्याला बी सोडलं न्हाई व्हय? आता ह्या वयात काय लेकरं व्हनार हुती ह्येला?" अप्पा इतके हसले की टाक्यांवर हात धरावा लागला. मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "ऱ्हाऊ दे. सरकारच्या नावावर खपतंय तर खपू दे."

त्यानंतर अप्पा साडेतीन वर्षं जगले. मग रोग पाठीच्या मणक्यात गेला आणि एका पावसाळ्यात, घरात, मिस्टरांचा हात हातात असताना ते गेले. पण ती साडेतीन वर्षं त्यांची आजारी माणसाची वर्षं नव्हती. ते मशीनवर होते, आणि दुकानात एक नवीनच प्रकार सुरू झाला. म्हातारे पुरुष यायला लागले. पहिला आला तो त्यांच्याच वयाचा एक विणकर, बायकोचा ब्लाऊज द्यायच्या निमित्तानं. ब्लाऊज दिला तरी जाईना. त्याला मराठी जेमतेम यायची. इकडे तिकडे बघत त्यानं हाताच्या खुणेनं आणि दोन-चार तेलुगू शब्दांनी सांगितलं की लघवी होत नाही, उभा राहतो, होत नाही.

अप्पांनी कात्री खाली ठेवली. पुढचं दार लोटून घेतलं. त्याला आपल्या शेजारी बसवलं आणि जे घराबाहेर कुणालाही सांगितलं नव्हतं ते त्याला सगळं सांगितलं, सदऱ्याची बटणं काढून छातीसुद्धा दाखवली. मग मला हाक मारली. "पोरी, कागद आन् पेन्सल आन. हे कुटल्या कुटल्या गोळ्या घेत्यात ते लिहून दे त्यास्नी. उद्या दवाखान्यात न्यायचं हाय."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते त्याला स्वतः घेऊन गेले.